मी घाई केली नव्हती

माझं वय पन्नास आहे आणि पोटासाठी मी बहुतेक वेळा दहा वर्षांचा मुलगा असते. कधी बारा वर्षांचा, कधी खार, आणि मध्यंतरी दोन महिने मी एक बोलका टूथब्रश होते. पडद्यावरच्या मुलग्यांना आवाज बायका देतात हे आमच्या डबिंगच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, कारण खऱ्या मुलग्याचा आवाज ऐन मालिकेच्या मध्यावर फुटतो आणि निर्माता रडकुंडीला येतो. माझा फुटायची भीती नाही. उरलेल्या वेळात मी बँकांच्या फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणते. म्हणजे तुम्ही मला शिव्या नक्की दिलेल्या आहेत, फक्त आपली ओळख झालेली नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी मी असाच एक पंधरा वर्षांचा मुलगा होते. शाळेतल्या पोरापोरींची विनोदी मालिका होती. दर अर्ध्या मिनिटाला त्यात न दिसणारी माणसं खो खो हसायची. नायकाचं काम करणाऱ्या पोराचा आवाज अकराव्या भागात फुटला. सकाळी कोकिळा, दुपारी बेडूक. त्याच्यासाठी मला बोलावलं. नायिका दिसायला गोड होती, पण बोलायला लागली की कुठलं तरी दार तेल मागतंय असं वाटायचं. तिच्यासाठी मी माझ्या धाकट्या बहिणीला घेऊन गेले. मी चोवीस वर्षांची, ती पंधराची. घरात तिला छोटी म्हणतात. आज छोटी एक्केचाळीस वर्षांची आहे आणि दुसऱ्या शहरात दातांची डॉक्टर आहे. लहानपणी मी तिला कधी बोलूच दिलं नाही असं तिचं म्हणणं आहे. म्हणूनच तिने असा धंदा निवडला असावा, जिथे समोरच्याचं तोंड उघडं असतं पण त्याला उलट उत्तर देता येत नाही.

विसाव्या भागात नायक-नायिकेचं गाणं होतं. शाळेच्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्यांच्या मधोमध उभं राहून दोघं एकमेकांच्या वह्यांतल्या चिठ्ठ्यांबद्दल गातात. चाल सोपी, शब्द त्याहून सोपे. पण गाणं जे सुटलं ते सुटलंच. आजही लग्नांत नवरा-नवरी एकमेकांच्या डोळ्यांत बघून ते गातात. दोन सख्ख्या बहिणींनी, एकमेकींकडे पाठ करून, एकीला सर्दी झालेली असताना गायलेलं हे प्रेमगीत आहे हे त्यांना कोण सांगणार? आमचे हे मला बघायला आले तेव्हा त्यांनी तेच गाणं गुणगुणलं होतं. मुलग्याचा आवाज माझा आहे हे कळल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

आता मुद्द्याचं. गाण्यात शेवटी एक जागा आहे. सगळी वाद्यं थांबतात. चार ठोके पूर्ण शांतता. आणि मग दोघांनी एकदम म्हणायचं, 'चल, सांगून टाकू!' एकदम, हा शब्द लक्षात ठेवा. कारण त्या दिवशी ते एकदम झालं नाही. आधी माझा मुलगा म्हणाला 'चल', आणि त्याच्या मागोमाग छोटीची मुलगी म्हणाली 'चल'. ती पूर्ण ओळ एक पुढे, एक मागे अशी धावत गेली आणि शेवटी छोटी फिस्सकन हसली. स्टुडिओची वेळ संपली होती, भाग संध्याकाळी जायचा होता. निर्माता म्हणाला, राहू दे. वाद्यवाल्यांनी पुढचं सगळं आमच्या आवाजावर बेतून नंतर भरलं. आणि लोकांना नेमकी तीच जागा आवडली! तो अधीर होतो आणि ती लाजत त्याच्या मागून धावते, असं काय काय लोकांनी त्यात ऐकलं.

प्रश्न असा की चुकलं कोण? मुलगा आधी आला हे बहिऱ्यालाही ऐकू येतं. पण मुलगा घाईत आला की मुलगी उशिरा आली? वाद्यं गप्प, लय तिथे जरा सैल सोडलेली, त्यामुळे रेकॉर्ड शंभरदा ऐकून कळत नाही. ठोके फक्त आमच्या हेडफोनमध्ये वाजत होते. टक, टक, टक, टक. ते रेकॉर्डवर नाहीत.

मी वेळेवर आले होते. बुटातल्या अंगठ्याने मोजत होते मी. छोटीला सर्दी होती, नाक ओढण्यात तिचा ठोका चुकला. हे मी तिला त्याच दिवशी सांगितलं, नंतरही अधूनमधून सांगत राहिले. ती म्हणायची, "ताई, तू घाईत आलीस." मी म्हणायचे, "तू उशिरा आलीस." वीस वर्षं हे चाललं आणि त्यात गंमत होती. जेवताना, फोनवर, तिच्या बाळाला पाळण्यात झोके देताना. आमच्या घरात कोणी भाजीत मीठ विसरलं तरी 'छोटी उशिरा आली' म्हणायची पद्धत पडली होती.

मग सहा वर्षांपूर्वी रेडिओवाल्यांनी आम्हाला बोलावलं. थेट कार्यक्रम. निवेदिकेने लाडात येऊन विचारलं, "ती जागा तुम्ही मुद्दाम तशी घेतली होती का हो?" दोघी एकदम बोललो. मी म्हटलं "ही उशिरा आली", ती म्हणाली "ही घाईत आली". निवेदिका हसली. छोटीही हसली आणि म्हणाली, "ताईचं आयुष्यात कधी चुकलेलंच नाही." ते मला झोंबलं. आणि मी बोलून गेले, "ही सगळीकडे उशिराच पोचते. आई गेली तेव्हाही उशिराच आली."

रेडिओवर शांतता परवडत नाही, पण तेव्हा ती झाली. छोटीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि ती निघून गेली. त्यानंतर सहा वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. मी फोन केले, तिने उचलले नाहीत. तिच्या मुलीच्या वाढदिवसाला भेट पाठवली, आभाराची चिठ्ठी तिच्या नवऱ्याच्या अक्षरात आली. मला माझी बहीण परत हवी होती. खरं सांगते, फार हवी होती. फक्त 'माझं चुकलं' हे दोन शब्द न वापरता ती मिळाली तर बरं, असं वाटत होतं. हे दोन शब्द माझ्या तोंडातून निघत नाहीत. टूथब्रशचा आवाज निघतो, हे निघत नाहीत.

या उन्हाळ्यात वाहिनीने ती मालिका नव्याने करायला घेतली. पोरं नवी, गाणं तेच, आणि आवाजही आमचेच हवे असा हट्ट. जुनं रेकॉर्डिंग आता खरखरतं, म्हणून पुन्हा गायचं. छोटीने होकार कळवला, पण अटींसकट. एकच दिवस. दोघींना वेगळ्या काचेच्या खोल्या. कामापुरतं बोलणं. सहाचं विमान. संगीतकाराने ती ईमेल मला दाखवली आणि विचारलं, "मॅडम, तुमच्या काही अटी?"

"काही नाही," मी म्हटलं. माझ्याकडे एक दिवस होता, तोच पुष्कळ.

संगीतकार तिशीतला होता आणि त्याची दाढी बाकीच्या अंगाच्या मानाने फार मोठी होती. आदल्या दिवशी त्याने आम्हा दोघींना वेगवेगळा फोन करून सांगितलं, "लहानपणी हे गाणं ऐकूनच मी या धंद्यात आलो." म्हणजे बिचाऱ्याची भक्ती होती. सकाळी साडेनऊला छोटी आली. केसांत थोडं पांढरं दिसलं. माझ्याही केसांत असेलच, पण मी रंगवते. तिने मान हलवली, मी मान हलवली. दाढीवाल्याने दोन बाजूंच्या दोन खोल्यांत आम्हाला कोंडलं आणि स्वतः मधे बसला. दोन काचांमधून आम्ही एकमेकींना दिसत होतो, पण ऐकू यायचं ते हेडफोनमधून.

गाणं सुरू झालं आणि मला भरून आलं. तिचा आवाज अगदी तसाच. पन्नाशीची बाई पंधराचा मुलगा होऊन एक्केचाळीसच्या डॉक्टरीणबाईला विचारत होती, वहीत चिठ्ठी कुणी ठेवली? आणि ती लाजत होती! सुंदर झालं. ती जागा आली. टक, टक, टक, टक. "चल, सांगून टाकू!" दोघी एकदम, केसभरही फरक नाही.

दाढीवाला म्हणाला, "वा! फक्त शेवटी मूळ गाण्यासारखं हवं. मागेपुढे. त्या जागेसाठीच तर लोक थांबतात."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे मोठ्या मॅडम जरा लवकर..."

"मी लवकर आले नव्हते."

"बरं, मग छोट्या मॅडम जरा उशिरा."

हेडफोनमध्ये छोटीचा आवाज आला, थंड. "मी उशिरा येत नाही."

सहा वर्षांत मी ऐकलेलं तिचं हे पहिलं वाक्य.

दुसऱ्या वेळी दोघी एकदम आलो. तिसऱ्या वेळी एकदम. पाचव्या वेळी दाढीवाल्याने हात जोडले. सातव्या वेळी तर आमचे श्वाससुद्धा एकदम घेतले गेले. कारण सरळ होतं. मी आधी आले तर सव्वीस वर्षांपूर्वीही मीच आधी आले असं ठरणार. ती मागे राहिली तर तीच मागे राहिली असं ठरणार. माझा अंगठा बुटात घट्ट मोजत होता, आणि पलीकडच्या काचेत छोटी बोटांनी मांडीवर मोजत होती हे मला दिसत होतं.

"आयुष्यभर मी गायकांना सांगत आलोय की बाबांनो, तालात या," दाढीवाला म्हणाला. "आज पहिल्यांदाच सांगतोय की कुणीतरी चुका. एकीने चुका. कुणीही चालेल!"

अकराव्या वेळेनंतर त्याने युक्ती काढली. "तुम्ही बसा निवांत. मी कॉम्प्युटरवर करतो. मोठ्या मॅडमचा आवाज थोडा अलीकडे सरकवला की झालं."

"माझा का म्हणून? तिचा पलीकडे सरकवा."

"माझा जिथे आहे तिथेच राहील," छोटी म्हणाली.

"अहो, ऐकायला दोन्ही एकच येणार!"

"ऐकायला येईल," मी म्हटलं, "पण खरं एकच असेल ना?"

"मग अर्धा ह्यांचा अलीकडे, अर्धा त्यांचा पलीकडे?"

"नाही," दोघी म्हणालो. तेही एकदम. काचेतून आमची नजरानजर झाली आणि छोटीच्या ओठाचा एक कोपरा हलला. लगेच तिने पाण्याची बाटली तोंडाला लावली. करारात होतं की गायिकेच्या संमतीशिवाय आवाजात फेरफार करायचा नाही, त्यामुळे दाढीवाल्याचा माऊस हवेतच राहिला. त्याने चेहरा दोन्ही हातांत घेतला. दाढीमुळे तो जवळजवळ पूर्ण नाहीसा झाला.

मग त्यानेच तोड काढली. "मूळ टेपवर एका वेगळ्या पट्टीत ते ठोके असतील. त्या वेळचे रेकॉर्डिस्ट हयात आहेत. ऐकूया आणि जे होतं तेच करूया. कबूल?"

"कबूल," मी छातीठोकपणे म्हटलं. छोटीने मान डोलावली. कर नाही त्याला डर कशाला?

रेकॉर्डिस्टकाका दोन गल्ल्या पलीकडे राहत होते. बाजाराच्या चाकांच्या पिशवीत टेपची मोठी चकती घालून, पिशवी फरफटत ते अर्ध्या तासात हजर झाले. पंच्याहत्तरी ओलांडलेली, डाव्या कानाला कमी ऐकू येतं. त्यांनी सगळ्या जुन्या टेपा पलंगाखाली जपून ठेवल्या होत्या आणि त्यावरून काकू तीस वर्षं भांडत होत्या. "आज मी तिला फोटो पाठवणार," काका म्हणाले, "की बघ, लागली ना गरज!" पण टेप वाजवायची कशावर? स्टुडिओतलं एकुलतं जुनं यंत्र बाहेरच्या दालनात शोभेसाठी ठेवलेलं, आणि त्याच्यावर कुंडी. काकांनी कुंडी उचलून स्वागतिकेच्या मांडीवर दिली, यंत्राचं झाकण उघडलं आणि आतल्या मातीकडे बघून असे काही शब्द उच्चारले की स्वागतिका कुंडीसकट आत निघून गेली.

"तासभर लागेल साफ करायला," ते म्हणाले. दाढीवाल्याने जेवणाची सुट्टी दिली. छोटी एका पेशंटचा फोन घ्यायला खाली गेली. मला भूक नव्हती. काका कापसाने यंत्र पुसत होते, मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"काका, मिळाली जागा की आधी मला ऐकवा."

"का गं? विश्वास नाही का?"

"पूर्ण आहे. म्हणून तर."

त्यांनी जागा लावली, हेडफोन मला दिला आणि बाकीचे आवाज बंद केले. आधी नुसती खरखर. मग टक. टक. टक. आणि चौथ्या ठोक्यावरच, तो ठोका झाकून टाकत, माझा आवाज. 'चल!' त्यानंतर, बरोबर जिथे यायला हवं तिथे, नाक ओढलेल्या आवाजात छोटी.

"परत लावा."

त्यांनी परत लावलं. सहा वेळा लावलं. सहाही वेळा मी घाईतच आले.

"काका, टेप ताणली गेली असेल."

"टेप ताणली तर दोघी ताणल्या जातील," काका म्हणाले. "तू घाईत आलीस, पोरी. मला त्याच दिवशी दिसलं होतं. तू नेहमीच घाईत असायचीस. आईचं औषध, छोटीची शाळा, घर, सगळं तूच बघायचीस. तुला सगळं आधी संपवायचं असायचं."

मला त्यांच्या चांगुलपणाचा राग आला. सव्वीस वर्षं मी एका गोष्टीवर हात ठेवून शपथ घेऊ शकत होते, आणि ती गोष्टच खोटी निघाली. बरं, ती एकटी खोटी निघून थांबली असती तरी चाललं असतं. पण मग मला आईचा दिवस आठवला. मी तोही असाच आठवत आले होते की आई गेली आणि छोटी उशिरा आली. छोटी तेव्हा वसतिगृहात होती, दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा होती. आईची तब्येत सकाळी सहाला बिघडली. मी फोन केला दहा वाजता. मीच ठरवलं की पोरीला उगाच घाबरवायला नको, डॉक्टर येऊन बघू देत, मग बघू. ती अकराच्या गाडीने निघाली. आई एकला गेली, ती चारला पोचली. ती निघाली तेव्हा आधीच उशीर झालेला होता, आणि तो माझ्याकडून झाला होता. हे मला माहीत नव्हतं असं नाही. फक्त मी ते कधी त्या क्रमाने लावून पाहिलं नव्हतं.

"काका," मी म्हटलं, "ठोक्यांचा भाग खराब झालाय म्हणून सांगाल?"

काकांनी यंत्र बंद केलं. "मला काय," ते म्हणाले, "मी डाव्या कानाने बहिरा आहे." आणि त्यांनी चकती पुन्हा पिशवीत घातली.

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

अडीचला सगळे पुन्हा जमलो. काकांनी दाढीवाल्याला सांगितलं की आवाज आहेत, पण ठोके गेले, वाळवी लागावी तसे गेले. टेपला वाळवी लागत नाही हे दाढीवाल्याला ठाऊक होतं, पण तो इतका खचला होता की वाद घालायची ताकद त्याच्यात नव्हती. तो गुपचूप आपल्या खुर्चीत जाऊन बसला. आम्ही आपापल्या काचेत गेलो.

हेडफोनमध्ये छोटी म्हणाली, "असू दे. मी उशिरा येते."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"सहाचं विमान आहे," ती म्हणाली. "उद्या सकाळी तीन पेशंट आहेत. हे असंच चाललं तर माणूस इथेच म्हातारा होईल. मी उशिरा येते. लिहा काय लिहायचं ते."

दाढीवाल्याने दोन्ही हात वर केले. गाणं सुरू झालं. तिने सगळं गाणं नीट गायलं, आणि ती जागा आली तेव्हा काचेतून मी तिला बघत होते. चार ठोके झाले. मी वेळेवर 'चल' म्हटलं. तिने एक ठोका थांबून, शहाण्या मुलीसारखं, माझ्या मागून 'चल' म्हटलं. न केलेली चूक तिने मुकाट्याने अंगावर घेतली. लहानपणी फुटलेल्या काचेसाठी माझ्याऐवजी ती अशीच उभी राहायची, मान खाली घालून.

"झालं!" दाढीवाला ओरडला. "अप्रतिम! हेच, अगदी हेच!"

"पुन्हा घेऊ या," मी म्हटलं.

"मॅडम, पाया पडतो. झालंय."

"मला आवडलं नाही. पुन्हा."

त्याने काकांकडे पाहिलं. काका छताकडे बघत होते. पुन्हा गाणं लागलं. या वेळी मी अंगठा बुटात मोकळा सोडला. टक, टक, टक, आणि चौथ्यावर मी आले. "चल!" मग छोटीचा वेळेवरचा ठोका रिकामाच गेला, आणि तिसऱ्याच ठिकाणी, ठरल्याप्रमाणे उशिरा, ती आली. मधे एवढी जागा राहिली की तेवढ्यात माणूस दार उघडून बाहेर जाऊन येईल.

"हे काय?" दाढीवाला किंचाळला. "एका वेळी एकीनेच चुकायचं हो!"

छोटीने काचेतून माझ्याकडे पाहिलं. "ताई, तू घाईत आलीस."

"हो," मी म्हटलं. "तेव्हाही मीच घाईत आले होते."

मीच पुढे बोलत राहिले, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. "टेप चांगली आहे. काकांना मीच खोटं बोलायला लावलं. मी दुपारी सहा वेळा ऐकलं. तू बरोबर होतीस, नाक ओढून बरोबर होतीस. आणि आईच्या वेळी तू उशिरा आली नाहीस. सहाला आईचं बिघडलं आणि मी तुला दहाला फोन केला. तू निघालीस तेव्हाच उशीर झाला होता आणि तो मी केला होता. माझं चुकलं, छोटी. दोन्ही वेळेला. रेडिओ धरून तीन वेळेला."

हे सगळं मी मुलग्याच्या आवाजात बोलले, हे मला नंतर कळलं. घशाला तीच सवय लागलेली होती. पंधरा वर्षांचा एक पोरगा काचेआडून माफी मागत होता आणि स्वतःच रडत होता. दाढीवाला नाक पुसत होता. त्याचा विषय नव्हता, पण तो भक्त होता.

छोटीने हेडफोनला हात घातला, तेव्हा मला वाटलं, झालं, पुन्हा रेडिओ. पण तिने तो नुसता एका कानावरून सरकवला, डोळे पुसले आणि पुन्हा नीट घातला.

"हे रेकॉर्ड झालंय का हो?" तिने दाढीवाल्याला विचारलं.

"हो," तो म्हणाला. "सगळंच चालू होतं."

"मला पाठवा."

आणि मग ती हसली, फिस्सकन, आणि हसता हसता रडायला लागली. मी माझ्या खोलीचं जड दार ढकलून बाहेर आले, ती तिच्या. मधे दाढीवाल्याची खुर्ची होती, ती त्याच्यासकट बाजूला सारावी लागली. सहाचं विमान गेलं. उद्याच्या तीन पेशंटना तिने फोन करून सांगितलं की घरी अडचण आहे, आणि ती अडचण माझ्या खांद्यावर डोकं ठेवून सोफ्यावर बसली. गाणं आम्ही साडेसहाला पूर्ण केलं. घाईत मी आले, वेळेवर ती आली.

आता मी तिला रोज फोन करते. मी फोन केला की तिच्या मोबाईलवर मी वाजते. तिने तेवढंच कापून लावलंय: पंधरा वर्षांच्या मुलग्याच्या रडव्या आवाजात 'हो, तेव्हाही मीच घाईत आले होते'. आईबद्दलचं तिने वेगळं काढून ठेवलंय. ते कुणाला ऐकवायचं नाही, म्हणाली, ते माझं आहे. पण घाईचं ती सगळ्यांना ऐकवते. तिच्या दवाखान्यात खुर्चीत तोंड उघडून पडलेल्या माणसांना माझं चुकलेलं पाठ झालंय. आणि ती फोन लगेच उचलत नाही. ते वाक्य तीनदा पूर्ण वाजू देते, मगच म्हणते, "हं, बोल ताई."

मी प्रतीक्षा करते.